बेंझच्या गाडीला तीनच चाकं का होती?

मर्सिडीज-बेंझ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चकचकीत, ऐटबाज चारचाकी येते ना? मग कार्ल बेंझ यांच्या पहिल्या मोटारीचा फोटो एकदा बघाच. चाकं तीनच! आपल्या रिक्षासारखं पुढे एक, मागे दोन. कारण साधं होतं. चार चाकांची मोटार नीट वळवायची कशी, हे कोडं त्यांना सुटलं नव्हतं.

कार्ल यांचा जन्म जर्मनीतल्या कार्ल्सरुहेचा, १८४४ सालचा. वडील रेल्वे इंजिनाचे ड्रायव्हर. कार्ल जेमतेम दोन वर्षांचे असताना ते गेले. आईने हालअपेष्टा सोसून मुलाला इंजिनीअर केलं. १८७१मध्ये त्यांनी मॅनहाइमला भागीदारीत वर्कशॉप काढलं, पण भागीदाराशी पटेना. तेव्हा त्यांची होणारी बायको बर्था हिच्या हुंड्याचे पैसे लग्नाआधीच मागवून त्याचा हिस्सा विकत घेतला गेला!

२९ जानेवारी १८८६ला त्यांनी आपल्या तीनचाकीचं पेटंट नोंदवलं. आता अडचण कुठे होती ते बघू. घोडागाडीत पुढचा अख्खा एक्सल मधल्या खिळीवर फिरतो. घोडाच ओढून वळवतो, म्हणून ते खपून जातं. मोटारीत मात्र एका चाकाला दगड लागला, तरी सगळा एक्सल फिरणार आणि हातातला दांडा हिसकणार. बरं, दोन्ही चाकं वेगवेगळी वळवावीत, तर दुसरी गोची. वळणावर आतलं चाक छोट्या वर्तुळावर धावतं, बाहेरचं मोठ्या. दोन्ही सारखीच वळवली तर टायर घासत जाणार. पुढे एकच चाक ठेवलं की सगळी भानगडच मिटली!

१८८८मध्ये बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, याच प्रकारच्या तीनचाकीतून मॅनहाइमहून फोर्झहाइमला गेली. सुमारे शंभर किलोमीटर, आणि हातात स्टिअरिंग व्हील नाही, नुसता दांडा!

पण तीनचाकी वळणावर कलंडायची भीती असतेच. कार्ल यांनी कोडं सोडून दिलं नाही. १८९३मध्ये त्यांना उत्तराचं पेटंट मिळालं. एक्सल जागचा हलवायचाच नाही. त्याच्या दोन टोकांना चाकं स्वतंत्र खिळींवर बसवायची आणि ती दांड्यांनी अशी जोडायची की आतलं चाक जास्त वळेल, बाहेरचं कमी. ही कल्पना घोडागाडीसाठी म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर यांनी आधीच काढली होती. १८१८मध्ये लंडनला तिचं पेटंट आकरमन यांच्या नावावर घेतलं गेलं, म्हणून इंजिनीअरिंगच्या पुस्तकांत आजही आकरमन हेच नाव दिसतं. बेंझ यांनी ती मोटारीत आणली आणि 'व्हिक्टोरिया' ही त्यांची चारचाकी रस्त्यावर आली. गोल स्टिअरिंग व्हील पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या एका शर्यतीत दिसलं.

१९२९मध्ये कार्ल गेले. सगळी उत्तरं हातात येईपर्यंत ते थांबले नाहीत. जमेल तेवढ्यावर गाडी रस्त्यावर आणली आणि अडलेल्या प्रश्नाकडे सात वर्षांनी उत्तर घेऊन परतले. तुमचं एखादं प्रोजेक्ट अडून पडलंय? मग आज पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून उभी असलेली कार शोधा आणि पुढची दोन चाकं नीट बघा. आतलं जरा जास्त वळलेलं दिसेल. बेंझ यांना अडवणारं कोडं ते हेच.