लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर या त्यांच्या कारखान्याच्या आरंभीच्या उत्पादनांमुळे ते महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना परिचित झाले. यंत्रविद्येची कोणतीही पदवी नसताना निरीक्षण, वाचन आणि हातकाम यांच्या बळावर त्यांनी हे ज्ञान मिळवले. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत त्यांनी १९१० मध्ये वसवली.

बालपण आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्यांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. शालेय अभ्यासात लक्ष्मणरावांना विशेष गोडी नव्हती. चित्रकला आणि यंत्रे यांकडे मात्र त्यांचा ओढा होता. थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांच्या साहाय्याने त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. सुमारे दोन वर्षांनी त्यांना काही रंगांमधील भेद ओळखता येत नसल्याचे लक्षात आले. रंगचित्रकार होण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला आणि ते यंत्रांच्या रेखाचित्रणाकडे वळले.

पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते रेखाचित्रणाचे शिक्षक झाले. कागदावर यंत्राचा भाग अचूक काढता येणे आणि तोच भाग धातूतून घडवता येणे या दोन वेगळ्या विद्या होत. दुसरी विद्या त्यांनी यंत्रशाळांमध्ये स्वतः काम करून आणि परदेशी तांत्रिक नियतकालिके वाचून आत्मसात केली. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याची निवड झाल्यावर त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

बेळगावातील व्यवसाय

बंधूंच्या भागीदारीत १८८८ मध्ये बेळगावात सुरू झालेले सायकलचे दुकान हा किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ मानला जातो. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकून ग्राहकांना चालवायलाही शिकवीत. विक्री आणि दुरुस्तीच्या या व्यवसायातून पुढे स्वतः यंत्रे बनवणारा लहान कारखाना उभा राहिला. शेतकऱ्याला रोज उपयोगी पडेल आणि परवडेल अशी वस्तू बनवण्यावर लक्ष्मणरावांचा भर होता.

कडबा कापण्याचे यंत्र

कडबा कापण्याचे यंत्र हे कारखान्याचे पहिले महत्त्वाचे उत्पादन होते. ज्वारीचा अखंड कडबा जनावरांपुढे टाकल्यास ती पाने खातात आणि जाड बुडखे टाकून देतात. बारीक कापलेल्या कडब्याची अशी नासाडी कमी होते. दुष्काळी भागात या बचतीला मोठे महत्त्व असते.

या प्रकारच्या यंत्रात मोठ्या चाकाच्या आऱ्यांवर वक्र पाती बसवलेली असतात. चाक फिरले की पाते एका स्थिर पट्टीला जवळजवळ चाटून जाते आणि मधला कडबा कापला जातो. यंत्र साधे दिसत असले, तरी त्याचे यश पात्याच्या धारेवर अवलंबून असते. पात्याची पट्टीकडील बाजू सपाट ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला घासून उतार देतात. सपाट बाजूला थोडाही फुगवटा राहिला, तर पाते आणि पट्टी यांत फट पडते आणि कडबा कापला न जाता दुमडतो. उतार फार निमुळता झाल्यास धार लवकर मोडते; तो बोथट राहिल्यास पाते कडबा कापण्याऐवजी चेपते आणि चाक फिरवणाऱ्याची दमछाक होते.

धार लावण्याच्या चाकावर वक्र पाते सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच कोनात धरणे नवख्या कारागिराला अवघड जाते. हात एका जागी रेंगाळला, तर तेथे खळगा पडतो आणि पाते तापते. पोलाद प्रमाणाबाहेर तापल्यास त्याचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. पाते वारंवार गार करणे, दाब हलका ठेवणे आणि उतार सारखा पडला आहे की नाही हे उजेडात पाहणे, हे सर्व सरावानेच साधते. त्यामुळे असे यंत्र बनवणाऱ्या कारखान्याला यंत्रांबरोबरच कारागीरही घडवावे लागत.

लोखंडी नांगर

विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणरावांनी परदेशी नमुन्यांचा अभ्यास करून लोखंडी नांगर तयार केला. पारंपरिक लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगराचा वक्र भाग कापलेली माती पालथी घालतो. हरळीसारख्या चिवट, खोल मुळांच्या तणांनी व्यापलेल्या जमिनीत हा फरक मोलाचा होता.

नांगराच्या फाळाची धार टिकवणे हा स्वतंत्र प्रश्न आहे, कारण माती आणि खडे फाळाला सतत झिजवत असतात. इंग्लंडमधील इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये यावर उपाय शोधला होता. त्यांनी ओतीव लोखंडाच्या फाळाची खालची बाजू साच्यातच झपाट्याने थंड करून कठीण केली. वरची मऊ बाजू अधिक वेगाने झिजत असल्यामुळे खालची कठीण कड पुढे राहते आणि फाळाला आपोआप धार येते. ओतीव लोखंडाचे असे गुणदोष जाणणारी ओतशाळा हा नांगराच्या कारखान्याचा कणा असतो.

नांगर तयार झाला तरी ग्राहक मिळेना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये प्रचलित होती. पहिल्या नांगरांची विक्री होण्यास सुमारे दोन वर्षे लागली. त्या काळात कारखान्याचे भांडवल न विकलेल्या मालात अडकून पडले होते. नांगर प्रत्यक्ष वापरात आल्यावर ही भीती हळूहळू ओसरली.

किर्लोस्करवाडी

शहराच्या विस्तारासाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या प्रसंगी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर माळरान आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंगाने भरलेली आणि सापांचा वावर असलेली ही जागा साफ करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवण्यात आली. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे आणि अनंतराव फळणीकर हे लक्ष्मणरावांचे आरंभीचे सहकारी होते. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती. शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तींनाही तेथे विश्वासाने काम दिले गेले.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे कमी झाल्याने नांगरांची मागणी वाढली. परंतु कच्चे लोखंड आणि कोळसा यांची टंचाई निर्माण झाली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरील जुन्या, निकामी तोफा कारखान्याला मिळवून दिल्या. तोफांचे लोखंड वितळवून त्यापासून नांगर ओतले गेले. युद्धानंतर, १९२० मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली.

उत्तरायुष्य आणि वारसा

लक्ष्मणरावांच्या हयातीतच उद्योगाचा विस्तार पंप, यंत्रशाळेतील लेथ आणि तेलावर चालणारी इंजिने यांपर्यंत झाला. त्यांचे पुत्र शंतनुराव यांच्या नेतृत्वाखाली १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. पिंपरी-चिंचवडपासून कुरुळी व चाकणपर्यंत पुढे पसरलेल्या यंत्रउद्योगाच्या आधीचा हा टप्पा होता. पुतणे शंकरराव यांनी कारखान्याच्या माहितीपत्रकातून ‘किर्लोस्कर’ मासिक घडवले.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने २० जून १९६९ रोजी टपाल तिकीट प्रकाशित केले.