गवई हँडेल आणि टाकलेली मुले

जॉर्ज फ्रेडरिक हँडेल हा इ. स. १६८५ मध्ये जर्मनीतील हाले या गावी जन्मला. त्याचा बाप न्हावी व शस्त्रवैद्य होता. मुलाने कायदा शिकावा अशी त्याची इच्छा; गाणेबजावणे हा त्याच्या मते पोटाचा धंदाच नव्हे. परंतु बाप लवकर वारला व मुलगा गवईच झाला. पंचविसाव्या वर्षी तो लंडनास गेला, आणि तेथील धनिकांस आवडणारी इटालियन संगीत नाटके रचून त्याने मोठा लौकिक मिळविला.

पुढे लोकांची आवड फिरली. नाटकमंडळ्यांच्या चुरशीत त्याचा बराच पैसा बुडाला, आणि १७३७ साली वायूचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला. आखेन येथील उष्ण झऱ्यांत स्नाने केल्यावर हात बरा झाला खरा, पण नाटकांचे दिवस परत आले नाहीत.

अशा पडत्या काळी, १७४१ साली, चार्ल्स जेनन्स नावाच्या गृहस्थाने पवित्र शास्त्रातून निवडून जुळविलेली वचने त्याच्यापाशी होती. त्यांवर त्याने चोवीस दिवसांत 'मशीहा' ही गीतकथा रचली. तीत वेष नाही, सोंग नाही. तारणाऱ्याची कथा केवळ गाऊन सांगावयाची. आपल्याकडील कीर्तनाची आठवण व्हावी असाच हा प्रकार, मात्र त्यात निरूपण नसते.

ता. १३ एप्रिल १७४२ रोजी आयर्लंडातील डब्लिन शहरी ती प्रथम गायिली गेली. जागा पुरावी म्हणून स्त्रियांनी घेरदार झगे व पुरुषांनी तलवारी घालून येऊ नये, अशी विनंती आधीच करण्यात आली होती! उत्पन्न सुमारे ४०० पौंड झाले. ते दोन इस्पितळांस व कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांस मदत करणाऱ्या मंडळीस वाटून दिले. त्या काळी तिकडे कर्ज न फिटल्यास ऋणकोस तुरुंगात ठेवीत. या पैशाने १४२ असामी सुटले. सावकाराच्या वहीत ज्यांचे नाव चढले आहे त्यांस याचे मोल सांगावयास नको.

लंडनात मात्र नाटकगृहात देववचने गाणे अनेकांस अनुचित वाटले. 'मशीहा'स तेथे खरा मान मिळाला तो एका अनाथालयामुळे. टॉमस कोरम नावाचा एक वृद्ध कप्तान, रस्त्यावर टाकलेली अर्भके पाहून कळवळला व सतरा वर्षे थोरामोठ्यांच्या दारी खेटे घालीत राहिला. १७३९ साली त्यास राजाची सनद मिळाली. मूल ठेवून जाताना आया खुणेसाठी कापडाचा तुकडा किंवा एखादे नाणे ठेवीत. या संस्थेचे प्रार्थनामंदिर अपुरे होते. १७४९ साली हँडेलने त्यासाठी गायन केले, पुढे ऑर्गन दिला, आणि ता. १ मे १७५० रोजी तेथे 'मशीहा' गायिली गेली. जागेअभावी इतके लोक परत गेले की पंधरा दिवसांत ती पुन्हा गावी लागली. मग दरसाल तसाच परिपाठ पडला. त्यातून मुलांस एकंदर सुमारे ७,००० पौंड मिळाले.

हँडेल कोणी साधुपुरुष नव्हता. स्वभाव तापट, जेवणाचा मोठा षोकी. त्याने लग्न केले नाही. १७५१ पासून त्याची दृष्टी जाऊ लागली. शस्त्रक्रिया व्यर्थ गेली. तरी आंधळेपणीही तो लोकांपुढे ऑर्गन वाजवी. ता. १४ एप्रिल १७५९ रोजी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, तो मरण पावला. मृत्युपत्रान्वये त्याने निर्धन झालेल्या गवयांच्या फंडास १,००० पौंड ठेविले. अनाथालयास 'मशीहा'ची एक स्वच्छ प्रत व गाणाऱ्यांच्या आणि वाजविणाऱ्यांच्या वह्या दिल्या. त्याच्यामागेही कित्येक वर्षे त्या मंदिरात मुलांसाठी ते गायन होत राहिले.