मिठागराच्या पाण्यातून ब्रोमीन शोधणारे बालार

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मोंपेलिए शहराजवळच्या मिठागरांत मीठ काढून घेतल्यावर कडवट पाणी उरत असे. या निरुपयोगी पाण्यानेच अँत्वान जेरोम बालार यांचे नाव रसायनशास्त्रात कायम केले.

३० सप्टेंबर १८०२ रोजी मोंपेलिए येथे एका साधारण कुटुंबात जन्मलेले बालार औषधनिर्माणशास्त्र शिकून तेथेच प्रयोगशाळा साहाय्यक झाले. मिठागराच्या पाण्यात त्यांनी क्लोरीन वायू सोडला, तेव्हा पाणी तांबूस झाले. पुढे त्यातून उग्र वासाचा गडद तांबडा द्रव वेगळा झाला. हे क्लोरीन व आयोडीनचे संयुग असावे, असे प्रथम त्यांनाही वाटले. मात्र विघटनाचे सारे प्रयत्न निष्फळ ठरल्यावर हे नवे मूलद्रव्यच आहे, असे त्यांनी ठामपणे मांडले. १८२६ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा ते अवघे २३ वर्षांचे होते. विख्यात जर्मन रसायनज्ञ युस्टुस फोन लीबिग यांच्या हातीही हा द्रव आधी आला होता. आयोडीनचे क्लोराइड समजून त्यांनी तो बाजूला ठेवला. कार्ल ल्योविग या जर्मन विद्यार्थ्यानेही तो स्वतंत्रपणे मिळवला होता, पण त्याचे लेखन मागाहून आले.

बालार यांनी सुचवलेले नाव फ्रेंच अकादमीच्या समितीने बदलले आणि दुर्गंध या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नवे नाव दिले. ते यथार्थच होते. सामान्य तापमानाला द्रव असणारी मूलद्रव्ये दोनच, पारा आणि ब्रोमीन. ब्रोमीन सुमारे ५९ अंश सेल्सिअसला उकळते. पण उघड्या बाटलीतूनही त्याची तांबडी वाफ सतत निघत राहते. हवेहून पाचपट जड असलेली ही वाफ जमिनीलगत साचते, डोळे व श्वसनमार्ग होरपळवते. त्वचेवर पडलेल्या द्रवाची जखम खोल असते व लवकर भरत नाही.

पुढे पॅरिसमध्ये प्राध्यापक झालेल्या बालार यांनी तरुण लुई पाश्चर यांना आपल्या प्रयोगशाळेत आश्रय दिला. दूरच्या शाळेवर होणारी त्यांची नेमणूक टळली ती बालार यांच्यामुळेच. समुद्राच्या पाण्यातून पोटॅश काढण्यासाठी बालार यांनी अनेक वर्षे वेचली. पण जर्मनीत स्टासफुर्ट येथे पोटॅशच्या खाणी सापडल्या आणि तो खटाटोप परवडेनासा झाला. १८७६ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

भारतात कच्छच्या मिठागरांतील अशाच उरलेल्या पाण्यात क्लोरीन सोडून आजही ब्रोमीन मिळवले जाते.