संत सेना महाराज : धोकटीतल्या हत्यारांतून अभंग घडवणारा वारीक

धाराशिव, लातूर भागातल्या खेड्यांत न्हाव्याला 'वारीक' म्हणतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा शब्द पटकन कळणार नाही. पण भजनाला बसणाऱ्या वारकऱ्याला तो चांगला ओळखीचा असतो. कारण संत सेना महाराजांनी आपल्या सगळ्यात गाजलेल्या अभंगात स्वतःची ओळख याच शब्दानं करून दिली आहे.

आज महाराष्ट्रातल्या कितीतरी सलूनमध्ये आरशाच्या वर त्यांचा फोटो असतो. पण हे सेना महाराज नेमके कोण, कुठले आणि त्यांचं एवढं मोठेपण कशात, हे फोटोखाली बसून दाढी करून घेणाऱ्या अनेकांना माहीत नसतं. तेच समजून घेऊ.

गावगाड्यातला न्हावी काय काय करायचा?

सेना महाराज कळायचे असतील तर आधी त्यांचा धंदा कळायला हवा. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. खांद्याला धोकटी, म्हणजे हत्यारांची पिशवी. तिच्यात वस्तरा, कातर, चिमटा, नखं काढायची नराणी, आरसा आणि पाण्याची वाटी. घरोघरी जाऊन हजामत करायची आणि त्याबदल्यात सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं, हा व्यवहार.

पण काम तेवढ्यावर संपत नव्हतं. तेलमालिश, लग्नाचं बोलावणं देणं, मशाल धरणं हेही त्याच्याकडंच. बारशापासून दहाव्यापर्यंत त्याच्यावाचून अडायचं. गळू झालं तर ते फोडायलाही गावात आधी त्याचाच वस्तरा आठवायचा.

थोडक्यात, पाटलापासून भिक्षुकापर्यंत सगळ्यांच्या डोक्याला हात लावणारा हा माणूस. पाटील त्याच्या वस्तऱ्याखाली मान द्यायचा, पण पंगतीत त्याला शेजारी बसवायचा नाही. केस आणि नखं अपवित्र, म्हणून ती काढणाराही खालचा, असा तो हिशोब होता.

बादशहाचा निरोप आणि धोकटीतल्या मोहरा

मराठी परंपरा सांगते की सेना महाराज बेदरच्या बादशहाच्या पदरी होते. हे बेदर धाराशिवला परकं नाही. उमरग्याच्या पुढं राज्याची हद्द ओलांडली की काही वेळात बेदर जिल्हा लागतो. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बेदरला आली आणि आजच्या मराठवाड्याचा मोठा भाग तिच्या छायेखाली होता.

महिपतींनी 1762 साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजय' ग्रंथात सेना महाराजांची कथा आहे. ती अशी.

एकदा सेना महाराज घरी पूजेला बसलेले असताना दरबारातून बोलावणं आलं. ते पूजेवरून उठले नाहीत. घरात नाहीत, असा निरोप त्यांच्या बायकोनं बाहेर दिला. माणसं पुन्हा पुन्हा आली आणि तेच उत्तर घेऊन परत गेली. मग कुणीतरी चुगली केली की सेना घरातच आहे. राजा संतापला आणि त्याला बांधून नदीत टाकायचा हुकूम सुटला.

तेव्हा म्हणे विठ्ठलानंच सेनाचं रूप घेतलं, धोकटी काखेत मारली आणि तो दरबारात गेला. त्यानं राजाची हजामत केली, अंगाला तेल लावलं. राजानं समोरच्या तेलाच्या वाटीत पाहिलं तर आत चतुर्भुज मूर्ती दिसली. वर पाहिलं तर समोर न्हावी. राजानं खूश होऊन ओंजळभर मोहरा दिल्या. देवानं त्या धोकटीत टाकल्या आणि धोकटी सेनाच्या घरी नेऊन ठेवली.

पुढं खरे सेना महाराज दरबारात आले. ती वाटीतली मूर्ती पुन्हा दाखव, असा राजानं हट्ट धरला. सेना महाराज गोंधळले. धोकटी उघडली तर आत मोहरा. मग सगळा उलगडा झाला. आपल्यापायी देवाला वस्तरा धरावा लागला, या विचारानं ते व्याकूळ झाले. त्या मोहरा त्यांनी ठेवून घेतल्या नाहीत, दान करून टाकल्या.

उत्तरेतल्या काही लोककथांत याच प्रसंगाला आणखी एक पदर आहे. त्या दिवशीच्या मालिशनं राजाचं जुनं दुखणं बरं झालं, असं तिथं सांगतात.

ही कथा इतिहास म्हणून वाचायची नाही. पण ती काय सांगते ते बघा. देवाला राजाचं मन बदलता आलं असतं, हुकूम रद्द करता आला असता. कथेतला देव मात्र थेट धोकटी उचलतो आणि जे काम समाजानं हलकं ठरवलं तेच करतो. जनाबाईंसोबत दळणारा विठ्ठल आणि सेनाच्या जागी हजामत करणारा विठ्ठल, दोन्ही कथांचा गाभा एकच आहे.

मग सेना महाराज नेमके कुठले?

इथं गाडी अडते. उत्तरेतली परंपरा त्यांना मध्य प्रदेशातल्या बांधवगडचे मानते. रामानंदांच्या बारा शिष्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. तिथंही हीच कथा आहे, फक्त बादशहाच्या जागी बांधवगडचा राजा येतो.

तिसरी नोंद पंजाबात आहे. 1604 साली गुरू अर्जनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात भगत सैण या नावानं धनासरी रागातली एक रचना आहे. नामदेवांच्या 61 रचना ज्या ग्रंथात आहेत, त्याच ग्रंथात ही न्हाव्याची आरतीही आहे.

सेना एकच होते की दोन, आधी उत्तरेत होते की इकडं, यावर अभ्यासकांत वाद आहेत. काळही साधारण चौदावं ते पंधरावं शतक असा मोघमच धरला जातो. मराठी गाथेत मात्र पंढरपूर आहे, आळंदी आहे, ज्ञानेश्वरादी भावंडांचं गुणगान आहे. हे अभंग रचणारा माणूस वारीच्या वाटेवर मुरलेला होता, एवढं त्यातून दिसतं.

हत्यारांचा अभंग

सेना महाराजांचं खरं कसब दिसतं ते त्या वारीक म्हणवून घेणाऱ्या अभंगात. धोकटीतली एकेक वस्तू ते बाहेर काढतात आणि तिला नवा अर्थ देतात. आरसा होतो विवेकाचा, म्हणजे माणसाला त्याचं खरं रूप दाखवणारा. चिमटा होतो वैराग्याचा. डोक्यावर चोळलं जाणारं पाणी शांतीचं. पिळली जाते ती अहंकाराची शेंडी आणि काढली जातात ती काम-क्रोधाची नखं.

यातली गंमत धंद्याचा क्रम माहीत असलेल्यालाच पुरती कळते. हजामतीत आधी पाणी लावून केस नरम करतात, मगच वस्तरा चालतो. कोरड्या डोक्यावर वस्तरा फिरवला तर रक्त निघतं. शांतीचं पाणी न लावता कुणाचा अहंकार छाटायला गेलं तर काय होईल, हे न्हाव्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

शिवाय गिऱ्हाईक डोळे मिटून मान पुढं करतं, तेव्हा सगळा भरवसा समोरच्या हातावर असतो. गुरू आणि शिष्याचं नातं सांगायला याहून नेमकं चित्र कुठून आणायचं?

तेरच्या गोरोबांशी नातं

अशी रचना करणारे सेना महाराज एकटे नव्हते. अरणचे सावता माळी मळ्यातल्या भाजीत विठ्ठल पाहत होते. पंढरपूरचे नरहरी सोनार मुशीच्या भाषेत बोलत होते. आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका मडक्याच्या.

तेरणेच्या काठी गोरोबांची समाधी आहे. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना त्यांचं तान्हं मूल पायाखाली गेलं, पुढं त्यांनी स्वतःचे हात तोडून घेतले आणि विठ्ठलाच्या कृपेनं ते परत आले, ही कथा जिल्ह्यात पोराटोरांनाही ठाऊक असते. कारागिराचे हात जाणं म्हणजे त्याचं सगळंच जाणं. परत मिळालेल्या हातांनी गोरोबांनी टाळी वाजवली ती कीर्तनात.

सीमेपलीकडं बसवकल्याणलाही असाच एक धागा आहे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या निकटच्या सहकाऱ्यांत हडपद अप्पण्णा होते. कर्नाटकातला हडपद, म्हणजे न्हावी समाज त्यांना आपलं दैवत मानतो. म्हणजे या पट्ट्यात हात राबवणाऱ्यांनी अध्यात्माची भाषा घडवल्याचा वारसा दोन्ही भाषांत आहे.

चार वर्ण आणि त्यांच्याबाहेरचे

त्या अभंगाच्या शेवटी सेना महाराज चारही वर्णांना आपला हात देतात आणि मग निवांत होतात. त्या काळी हे धाडसाचंच होतं. न्हावी वरच्यांची सेवा करणारा, पण इथं तो स्वतःला सगळ्यांना काहीतरी देणारा म्हणवतो.

पण गावगाड्याचं वास्तव कठोर होतं. चार वर्णांच्या बाहेर ठेवलेल्या लोकांच्या डोक्याला गावचा न्हावी हात लावत नसे. त्यानं लावायचं ठरवलं असतं तर त्याचं बलुतं बंद झालं असतं. चोखामेळ्यांना संत मानणारी गावं त्यांच्या जातभाईंना न्हाव्यासमोर बसू देत नव्हती, आणि ही गोष्ट विसाव्या शतकातही पुष्कळ ठिकाणी चालू राहिली.

वस्तरा कुणावर चालवायचा, या प्रश्नाला पुढं एक वेगळं वळणही मिळालं. 1890 साली सत्यशोधक पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही, असं ठरलं. कमाईचं काम नाकारून त्यांनी बायकांची बाजू घेतली. विवेकाचा आरसा म्हणजे काय, याचं हे रोकडं उदाहरण.

श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराजांची पुण्यतिथी असते. गावोगावी नाभिक समाज त्या दिवशी दुकानं बंद ठेवतो, कीर्तन होतं, महाप्रसाद होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माणसं पुन्हा दुकानात उभी असतात. सेना महाराजांची परंपराही तेच सांगते. देव भेटल्यावरही हा माणूस आपलं वारीकपण लपवत नाही, अभंगात तेच नाव अभिमानानं मिरवतो.