पंडिता रमाबाई : बाप्तिस्मा आणि नवा जन्म



बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरवताना आपण जेवणाची चर्चा करतो, फोटोंची करतो, श्रद्धेची क्वचितच. म्हणून आज पंडिता रमाबाईंची आठवण करू या. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, तरी त्यांचे जीवन आपल्याला बरेच शिकवते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. संस्कृत त्या आईकडून शिकल्या. दुष्काळाने आईवडील व बहीण हिरावली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हणून गौरवले. १८८२ मध्ये पती वारले; पदरात तान्ही मनोरमा होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या अँग्लिकन धर्मभगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करताना त्यांनी पाहिल्या. शोमरोनी स्त्रीची कथा ऐकून त्यांचे मन द्रवले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला.

पण सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, खुद्द ख्रिस्त अजून सापडलेला नाही. स्वतःच्या पुण्याईवरची भिस्त सोडून त्या त्याला शरण गेल्या, तेव्हा कुठे मनाला शांती लाभली. १९०७ मध्ये त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले.

मग त्यांचा बाप्तिस्मा फुकट गेला का? नाही. नवा जन्म ही देवाची करणी आहे. निकदेमाला प्रभूने पाण्याने व आत्म्याने होणारा जन्म सांगितला. जन्मणारे बाळ स्वतःला जन्म देत नाही. म्हणूनच आपण तान्ह्या मुलांना ख्रिस्तसभेच्या श्रद्धेत बाप्तिस्मा देतो. परंतु पेरलेल्या बीजाला मातीने साथ द्यावी लागते. ती साथ म्हणजे श्रद्धा, आणि तीही देवाचेच दान. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने श्रद्धेला तारणाचा आरंभ आणि नीतिमान ठरण्याचे मूळ मानले. मुळावर झाड थांबत नाही. प्रीतीची फळे यावी लागतात.

रमाबाईंच्या जीवनात ती आली. १८९६-९७ च्या दुष्काळातील शेकडो निराधार मुलींना त्यांनी आसरा दिला. केडगावचे ‘मुक्ती’ उभे राहिले. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबल साध्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या देवाघरी गेल्या.

भिवंडीत आपण मूठभर आहोत. शेजारी आपले बाप्तिस्म्याचे सर्टिफिकेट पाहत नाहीत, आपले वागणे पाहतात. आज मिस्साला येताना पवित्र पाण्यात बोट बुडवाल तेव्हा क्षणभर थांबून स्वतःला विचारू या : मला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला का?