शेवटचा अंतरा कोण गाणार?

१४ एप्रिलची मिरवणूक पाथरीत निघो, मानवतला निघो की परभणीला. डीजेच्या भिंतीतून आदळणारी गाणी ठरलेली असतात. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना ती तोंडपाठ. त्यांच्या बापांनी ती कॅसेटवर ऐकली, आजोबांनी लाऊडस्पीकरवर ऐकली. पण त्यातल्या एखाद्या पोराला बाजूला घेऊन विचारा, बाबा रे, हे गाणे कोणाचे? तो गायकाचे नाव सांगेल. फार तर डीजेवाल्याचे सांगेल. लिहिणाऱ्याचे नाव त्याला ठाऊक नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही. ते नाव त्याच्या कानावर पडूच दिले जात नाही.

जुन्या आवडत्या गाण्यांच्या जन्मकथा सांगण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. अमुक गीत कवीला टांग्यात कसे सुचले, तमुक चाल पेटीवर कशी बसली, याचे रकाने भरून येतात. हे कौतुक असावे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु महाराष्ट्रातल्या हजारो वस्त्यांनी पन्नास-साठ वर्षे जी गाणी उराशी धरली, त्यांच्या जन्मकथा कोणी लिहायच्या? प्रस्थापितांच्या पानांवर त्यांना जागा मिळाली नाही. आपणही त्यांच्यावर नाचलो, पण त्यांची विचारपूस केली नाही. म्हणून आज महाकवी वामनदादा कर्डक यांच्याविषयी.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. गाव देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. आईचे नाव सईबाई. घरी महारकीचे जिणे, शाळेचे तोंड पाहणे नशिबी नाही. पण तो जिल्हा साधा नव्हता. वामन सात वर्षांचा असताना मार्च १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा राहिला. तेरा वर्षांचा असताना, ऑक्टोबर १९३५ मध्ये, त्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या मातीत ही वादळे उठली त्याच मातीत हा पोर गुरे राखत, काबाडकष्ट करत वाढला.

पुढे पोटामागे मुंबई. गिरणी, हमाली, फेरीचा धंदा, मिळेल ते काम. राहायला शिवडीची बीडीडी चाळ. तिथे समता सैनिक दलाचे वारे होते आणि वामन त्यात ओढला गेला. इथेच ती गोष्ट घडली. कोणीतरी एक पत्र आणून त्यांच्या हातात दिले आणि वाचून दाखवायला सांगितले. ऐन तारुण्यातला हा गडी ते पत्र हातात धरून उभा राहिला. वाचता येत नव्हते. त्या शरमेने त्यांना रडू कोसळले. देहलवी नावाच्या मास्तरांनी मग त्यांना बाराखडी शिकवली. जोडाक्षरे त्यांनी पुस्तकातून गिरवली नाहीत. दुकानांच्या पाट्या वाचत रस्त्याने फिरायचे, अक्षराला अक्षर जोडायचे. मुंबईच्या पाट्या हीच त्यांची शाळा! त्याच माणसाने पुढे हजारो गाणी लिहिली, गझलेची वृत्ते हाताळली, आणि १९९३ साली वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले.

पहिले गाणे १९४३ सालचे. ते होते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचे विडंबन. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्या गाण्यांवर नाक मुरडणारे हाच मुद्दा काढतात. म्हणतात, चाली उसन्या आहेत. अहो, ज्याच्या घरी पेटी नाही, तबला नाही, ज्याला स्वरलिपी ठाऊक नाही, त्याने लोकांपर्यंत पोचायचे कसे? सिनेमाची चाल आधीच लोकांच्या ओठावर असे. ती शिकवावी लागत नसे. फक्त शब्द बदलले की दुसऱ्या मिनिटाला सारी चाळ गाऊ लागे. त्या चालीवर मग महाडचे तळे आले, काळारामाचे दार आले, पुढे संविधान आले, बुद्ध आला. निरक्षर माणसाला इतिहास शिकवण्याची ही स्वस्तातली आणि हमखास युक्ती होती. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे आधीपासून हेच काम करत होते. ते जलसे वामनदादांनी पाहिले आणि आपली वाट नक्की केली. (दोघांचे आडनाव एक आणि जिल्हाही एक, त्यामुळे पुष्कळांचा आजही गोंधळ होतो. माणसे दोन आहेत.)

सिनेमाचा नाद दादांनाही होता. स्टुडिओच्या दारात त्यांनी खेटे घातले, एक्स्ट्रा म्हणून उभे राहिले. गीतकार म्हणून मात्र त्यांचे नाव एका मोठ्या चित्रपटाशी कायमचे जोडले गेले. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. संगीत वसंत पवार यांचे. त्यातले आशा भोसले यांनी गायलेले, माडगूळकरांचे बुगडीचे गाणे सगळ्यांना आठवते आणि आठवावेच असे ते आहे. पण त्याच चित्रपटात सखूच्या पाहुण्याची खोड काढणारे, विठ्ठल शिंदे यांनी ठसक्यात गायलेले एक गाणे आहे. गावोगावच्या तमाशात, वरातीत, बँडबाजात ते वर्षानुवर्षे वाजले. ते वामनदादांचे. ज्या सवर्णांच्या लग्नात हे गाणे वाजे, त्यातल्या कितीजणांना माहीत होते की हे एका भीमशाहिराने लिहिलेले आहे?

'सांगत्ये ऐका'च्या यशानंतर दुसरा कोणी त्याच गल्लीत मुक्काम ठोकून बसला असता. दादा फिरस्ते निघाले. खांद्याला पिशवी, पिशवीत वही, सोबत ढोलकी-पेटीवाले दोन-तीन साथीदार. एसटीने जायचे, वस्तीत उतरायचे, जे घर भाकर देईल तिथे जेवायचे, रात्रभर गायचे. बिदागी काय मिळेल ती. घरसंसाराची यात धूळधाण झाली. पहिला संसार मोडला, त्या संसारातली लेक लहानपणीच गेली. पुढे शांताबाईंनी त्यांना साथ दिली. आईवर, लेकीबाळींवर लिहिलेल्या त्यांच्या गाण्यांत जो ओलावा आहे तो उगाच आलेला नाही.

मराठवाड्याच्या दृष्टीने या गाण्यांचे मोल वेगळे आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. मुंबई-नाशिकात बाबासाहेबांच्या सभा होत होत्या, वर्तमानपत्रे निघत होती, तेव्हा गोदाकाठच्या पाथरीसारख्या गावात ती वर्तमानपत्रे कुठून येणार, आणि आली तरी वाचणार कोण? पण मनमाडहून निघणारी लहान रुळांची गाडी औरंगाबाद, जालना, सेलू करत मानवत रोडला थांबे. पाथरीकराला आजही रेल्वे धरायची तर मानवत रोड गाठावे लागते. मनमाड म्हणजे नाशिक जिल्हा, रेल्वे कामगारांचे आणि चळवळीचे ठाणे. मुंबईला कामाला गेलेला माणूस सणासुदीला याच रुळावरून गावी येई. त्याच्याजवळ ट्रंकेत काय असेल ते असो, तोंडात मात्र नवे गाणे असे. छापील अक्षर जिथे पोचले नाही, तिथे गाणे असेच पोचत गेले.

१९५६ ची धम्मदीक्षा झाली आणि दोन महिन्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. घरातले देव नदीत सोडलेल्या, पण नवे काय म्हणायचे हे पुरते न कळलेल्या माणसांना शब्द हवे होते. ते शब्द ज्यांनी दिले त्यांत वामनदादा सर्वांत पुढे. बाबासाहेबांच्या जन्मामुळे कोट्यवधींचे सोने झाले असे सांगणारे त्यांचे गीत आज बारशापासून पुण्यानुमोदनापर्यंत सगळीकडे गायले जाते. ते इतके गायले गेले की लोकांना ते कोणी लिहिले असेल असे वाटतच नाही, ते जणू पहिल्यापासून होतेच!

आता खरा मुद्दा. दादांची कोणती गाणी आपण वाजवतो आणि कोणती वाजवत नाही? गौरवाची गाणी वाजतात, आणि ती वाजलीच पाहिजेत. पण दादांनी देशातल्या बड्या भांडवलदारांची नावे घेऊन धनाच्या साठ्यातला आमचा वाटा विचारणारे गाणे लिहिले आहे. ते ज्या काळातले, त्याच काळात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, डिसेंबर १९६४ नंतर लाखो माणसे तुरुंगात गेली. हे गाणे मिरवणुकीत किती वेळा ऐकले? दुसरे गाणे त्याहून झोंबणारे. रिपब्लिकन पक्ष ऑक्टोबर १९५७ मध्ये स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याची शकले झाली. दादांनी ती जवळून पाहिली. बाबासाहेबांच्या खऱ्या मताची मोजकी माणसे जरी उरली असती तर चळवळीची धार निराळी असती, असे त्यांनी अनुयायांना तोंडावर सुनावले. ते गाणे शत्रूवर नाही, आपल्यावर आहे. ज्या मंचावर चार गटांचे चार नेते बसलेले असतात तिथे ते गायला छाती लागते. दादा गात. समोर कोण बसले आहे याची पर्वा त्यांनी केली नाही.

नामांतराच्या लढ्यातही हेच दिसले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. परभणी जिल्हाही त्यातून सुटला नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंतची ती वर्षे ज्यांनी काढली त्यांना विचारा, रात्री जागा राहायला कशाचा आधार होता? मोर्चाची भाषणे दुसऱ्या दिवशी विसरली जात. गाणी राहत.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. गाणे घराघरात गेले, टपरीवर गेले, जीपमध्ये गेले. गायकांना नाव मिळाले, थोडाफार पैसाही मिळाला आणि त्यांच्या गळ्याचे ऋण आपल्यावर आहेच. पण कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा आणि कवीचे नाव मुंगीएवढे, आणि पुष्कळदा तेही नाही. दादांची 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' ही पुस्तके सत्तरच्या दशकात निघाली, पण लिहिलेल्यातला फार मोठा भाग वह्यांत, चिठ्ठ्यांवर आणि शिष्यांच्या डोक्यात राहिला. प्रतापसिंग बोदडे यांच्यासारख्या शिष्यांनी आणि ठिकठिकाणच्या अभ्यासू कार्यकर्त्यांनी जपले म्हणून ते हाती लागले.

नाव पुसले जाणार, याची कल्पना दादांना असावी. कारण त्यांनी बंदोबस्त करून ठेवला होता. संतांच्या अभंगात शेवटी नाममुद्रा येते, गझलेच्या शेवटच्या शेरात कवीचे नाव येते, तशी दादांच्या गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' ही अक्षरे येतात. ज्या माणसाला एकेकाळी पत्र वाचता आले नव्हते, त्याने प्रत्येक गाण्याखाली अशी सही केली. कागद हरवला, कॅसेट तुटली, तरी गाणे पुरते गायले की नाव येणारच! आणि आपण काय केले? डीजेवाल्याला मुखडा लागतो. मुखडा चार वेळा, मध्ये ठेका, पुन्हा मुखडा, की पुढचे गाणे. शेवटचा अंतरा कापला जातो. त्याच्याबरोबर सही जाते, आणि बहुतेक वेळा गाण्यातला सर्वांत कडक विचारही जातो, कारण दादा तो शेवटी ठेवत.

यात कायदाही आहे, तो ठाऊक असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवर हक्क राहतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी नाशिकला गेले, म्हणजे त्यांच्या रचनांचे हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा मानधनातला वाटा आणखी पक्का केला. आणि आपल्या कृतीचे कर्तेपण सांगण्याचा अधिकार तर त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमात आहे. ज्या समाजाला बाबासाहेबांनी कायद्याची भाषा शिकवली, त्या समाजातल्या कवीचे नाव वगळताना आपल्याला कायदा आठवत नाही.

यासाठी ना निधी लागतो ना सरकारी समिती. पाथरीची जयंती मंडळे डीजे ठरवताना किती बॉक्स, किती लाइट याची यादी करतात. त्याच यादीत एक ओळ वाढवता येईल: गाणे लागण्याआधी माइकवरून कवीचे नाव सांगायचे आणि ठरवलेली पाच गाणी तरी शेवटच्या अंतऱ्यापर्यंत वाजवायची. वाट्याचा प्रश्न विचारणारे गाणे त्या पाचांत धरावे. नेते मंचावर येऊन बसले की मग ते लावावे.