बाबासाहेब आणि सरकारी पैशाचा हिशेब

संविधानाचे शिल्पकार आणि धम्मचक्र फिरवणारे महापुरुष म्हणून आपण बाबासाहेबांना वंदन करतो. पण ते सरकारी जमाखर्चाचे गाढे अभ्यासक होते, हे जयंतीच्या भाषणांत क्वचितच ऐकू येते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार हा विषय घेतला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. जनतेला जबाबदार नसलेले सरकार जनतेच्या हितासाठी खर्च करत नाही, हे त्यांनी त्यात आकड्यांनिशी दाखवले.

१९२७ साली ते मुंबई कायदे कौन्सिलात गेले. २४ फेब्रुवारीला अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी विचारले की, कमी उत्पन्नाच्या माणसाला आयकर माफ आहे, मग गरीब शेतकऱ्याला शेतसारा का माफ नाही? १२ मार्चला त्यांनी दाखवून दिले की सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते.

त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते आणि या जिल्ह्याचे मुख्य ठाणे आपले अलिबाग. सत्याग्रहाला आधार होता तो सी. के. बोले यांच्या १९२३ च्या ठरावाचा. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा सांभाळलेली पाणवठ्याची ठिकाणे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे तो ठराव सांगत होता. पैसा सर्वांचा, तर पाणीही सर्वांचे!

संविधानात हाच विचार कलमांतून आला. कायदेमंडळाच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून पैसा काढता येत नाही. केंद्र आणि राज्यांतील वाटपासाठी वित्त आयोग आहे. हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाचे पद तर बाबासाहेबांनी न्यायव्यवस्थेपेक्षाही महत्त्वाचे मानले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने २० टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. तरुण मित्रांनो, पुतळ्याला हार घालून झाला की ग्रामसभेत उठा आणि विचारा: यंदा हा पैसा किती जमला, कुठे खर्च झाला, किती पडून राहिला? आम्ही वस्त्यांमध्ये काम करताना पाहतो, प्रश्न विचारणाऱ्या वस्तीकडे निधी लवकर वळतो. हिशेब मागणे हीसुद्धा बाबासाहेबांचीच चळवळ आहे.

जय भीम!